तिसऱ्या पेटीखालची शेगडी

मी पेटी बोलतेय. भजनात वाजवतात ती नव्हे, आणि दागिने ठेवतात तीही नव्हे. मी मुळं बघायची पेटी. पाठीला आणि कुशींना प्लाय, पोटाला काच, आत सावद्याची काळी माती आणि त्या मातीत केळीचं एक रोप. झाडाचं वरचं अंग सगळेच बघतात. माझ्या काचेतून त्याचं खालचं अंग दिसतं.

आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने काळजीखोर. दुसऱ्याचं लेकरू पोटात घेऊन उभं राहायचं आणि वर निर्धास्त असायचं, हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. मला नाही जमत. त्यात मला नीट सांगता तरी येईल का, ही शंका आहेच. पण जे घडलं ते माझ्या बुडाखाली घडलं. माझ्याइतकं जवळून ते कुणीच पाहिलेलं नाही, म्हणून बोलायचं धाडस करतेय.

माझा जन्म धुळ्यातला. देवपुरात झुलाल मिस्त्रींचं छोटंसं वर्कशॉप आहे, तिथला. माझी काच त्याआधी एका मिठाईच्या दुकानात होती, जिलेबीच्या परातीपुढे. पोरांनी नाकं चिकटवून चिकटवून तिचा एक कोपरा कायमचा धुरकट केलेला. दुकानदाराने नवं काउंटर केलं, जुनी काच मिस्त्रींकडे आली, आणि तिच्या तीन सारख्या पट्ट्या कापून आम्ही तिघी बहिणी झालो. मी तिसरी.

आम्हाला बनवून घेणारी दिपमाला. तिचं माहेर सावदा, सासर धुळं. ती कॉलेजात मुळांवर संशोधन करते. ती पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आली तेव्हा कडेवर दहा महिन्यांची भूमिका होती आणि हातात माझा नकाशा. नकाशा भूमिकाने एका बाजूने चघळलेला होता.

झुलाल मिस्त्रींनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "ताई, हाई पेटी कसानी शे? झाकन नही, आन काच आंगे!"

"झाकण नकोच, मिस्त्री. वरून झाड बाहेर येणार. काचेतून मुळं बघायची."

"बठ्ठं गाव केळं देखस, आन तुमी मुया देखतस?" मिस्त्री हसले. पण काम त्यांनी मन लावून केलं. सांध्यात एक थेंब पाणी झिरपू दिलं नाही.

मातीच्या गोण्या आणि रोपं घेऊन सावद्याहून जीवरामआबा आले. आबा म्हणजे दिपमालाचे चुलते. दोन हजार केळीची झाडं आहेत त्यांची. दिपमाला शेतातल्यासारखेच थर लावून, वजन करकरून माती भरत होती. आबा ओट्यावर बसून बघत होते.

"अवं पोरी, तू माती भरू राह्यली का सोनं मोजू राह्यली?"

"आबा, तिन्ही पेट्या सारख्या व्हायला हव्यात. फरक फक्त पाण्याचा. पहिलीला रोज पाणी, दुसरीला एक दिवसाआड, तिसरीला चौथ्या दिवशी. थंडीत कुणाची मुळं कशी चालतात ते बघायचं."

"मंग मले सांग. तू सांगशीन तसं मी पाणी देईन. आपल्या पोरीचं नाही ऐकायचं तं काय मोबाईलवाल्याचं ऐकायचं?"

हे ते सहज बोलून गेले. दिपमालाच्या पोटात मात्र गोळा आला. माझ्याही आला, पण माझ्या पोटात आधीच माती होती, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

तर ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघी दिपमालाच्या घराच्या मागच्या अंगणात उभ्या राहिलो. लेकरू लहान, रोज कॉलेजात जाणं जमेना, म्हणून तिच्या मार्गदर्शक भंगाळे मॅडमनी तशी परवानगी दिली होती. "पण नोंद एक दिवसही चुकता कामा नये," असं बजावूनच.

आम्ही उभ्या म्हणजे तिरक्या. काचेची बाजू खाली झुकवून ठेवलं की मुळं खाली जाता जाता काचेला येऊन टेकतात, मग दिसतात. काचेवर काळा कापडी पडदा, कारण मुळांना उजेड सोसत नाही. पण ही गोष्ट अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोण सांगणार? दूधवाला यायचा, "पडी जाई ना हाई!" म्हणून मला सरळ करून जायचा. गॅसवाला यायचा, तोही सरळ करायचा. खानदेशातल्या माणसाला वाकडी वस्तू बघवत नाही हे मी स्वानुभवाने सांगते. शेवटी दिपमालाने पाटी लावली: "पेट्या तिरक्याच आहेत. सरळ करू नये." दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पाटी सरळ केली.

रोज सकाळी दिपमाला पडदा वर करायची, काचेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद लावायची आणि मार्करने मुळं गिरवायची. आठवडा बदलला की रंग बदलायचा. पहिल्या आठवड्याचं लाल, दुसऱ्याचं निळं, तिसऱ्याचं हिरवं. नव्या मुळाचं टोक पांढरंशुभ्र असतं, बाळाच्या पहिल्या दातासारखं. ते दिसलं की दिपमाला भूमिकाला उचलून दाखवायची आणि भूमिका काच चाटायची. जिलेबीची चव काचेत उरली असेल का, असं मला उगीचच वाटायचं.

मुळं गिरवून झाली की ती एक दुसरा कागद काढायची. तो भूमिकाच्या वजनाचा. अंगणवाडीतून मिळालेल्या कार्डावर वजनाची रेघ असते, ती वर जायला हवी. भूमिकाची दोन महिने सपाट होती. मूल खेळत होतं, हसत होतं, माझा पडदा ओढत होतं. पण दिपमालाची नजर रेघेवर.

"अशी सारखी मोजू नको वं लेकरूले," ताईबाई म्हणायच्या. ताईबाई म्हणजे तिच्या सासूबाई. "मोजाथीन काय वाढतस का पोरं?"

दिपमाला हसायची आणि त्याच दुपारी पुन्हा वजनकाटा काढायची. मग माझ्याजवळ बसून पुटपुटायची, "जगातल्या सगळ्या मुळांचं मला कळतं म्हणे, आणि घरातल्या पोरीचं कळत नाही." मला म्हणावंसं वाटायचं, बाई गं, मुळांचं तरी कुठे कळतंय? पण मला तोंड नाही. आज बोलतेय ती लेखणी उसनी घेऊन.

डिसेंबर सरता सरता थंडी आली. धुळ्याची थंडी ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून कळायचं नाही. शेतातली माती खोलवर ऊब धरून राहते. मी पडले चार बाजूंनी उघडी. आतली माती दगडासारखी गार झाली आणि मुळं थांबली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. तिघींच्याही कागदावर नवा रंग उमटेना. पांढरी टोकं पिवळट पडायला लागली.

दिपमालाची झोप उडाली. कारण तिने घरी सांगून ठेवलेलं होतं, "हा एक हिवाळा द्या मला. नाही जमलं तर संशोधन सोडते आणि शाळेत शिकवायला लागते." नवरा भूषण काही म्हणाला नव्हता, सासूबाई काही म्हणाल्या नव्हत्या. ही मुदत तिनेच स्वतःला घातली होती. अशा मुदती फार वाईट, त्या वाढवून मागायला कुणाकडे जाता येत नाही.

ताईबाई हे सगळं बघत होत्या. आणि त्यांना माझी दया आली.

का, ते ऐका. मागच्या हिवाळ्यात दिपमाला याच घरात बाळंत झाली, तेव्हा ताईबाईंनी सव्वा महिना तिच्या बाजेखाली शेगडी ठेवली होती. गोवऱ्यांचे निखारे, वर चिमूटभर ओवा-शेपा. त्या शेकानेच सून उभी राहिली, यावर त्यांचा ठाम विश्वास. आता त्यांच्यासमोर मी. तिरकी, बाजेवर रेलल्यासारखी. अंगावर काळं कापड. पोटात पोर. वर पाणी चौथ्या दिवशी!

एका पहाटे त्या गल्लीतल्या शेकोटीतले निखारे घमेल्यात घेऊन आल्या आणि ते माझ्या बुडाखाली सरकवत म्हणाल्या, "बहिनीसले पानी मियस आन तुलेच नही. बायतीनले असं उपाशी ठेवतस का कोनी? ले माय, शेकी ले."

वाचकहो, मी प्लायची आहे! त्या पहिल्या पहाटे मी जी घाबरले, ती अजून आठवते. पण ताईबाईंचा हात शेकाच्या बाबतीत मुरलेला. ना चटका, ना धूर, नुसती ऊब. तासाभराने त्या घमेलं उचलून न्यायच्या. दिपमाला उठून यायची तोवर अंगणात काही नसायचं. कुणाला सांगायचंही त्यांना सुचलं नाही. बाळंतिणीला शेक दिला हे कुणी सांगत बसतं का?

पाचव्या दिवशी माझ्यात एक मूळ हललं. नवव्या दिवशी दिपमालाने पडदा वर केला आणि किंचाळलीच. तीन नवी पांढरी टोकं! बहिणींकडे शुकशुकाट आणि माझ्याकडे तीन. तिने मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि जांभळ्या रंगात गिरवलं.

"तिसरीच! चौथ्या दिवशी पाणी, आणि तिसरीच वाढतेय!" तिने भंगाळे मॅडमना फोन लावला. "मॅडम, थंडीत पाणी तोडलं की मुळं पाणी शोधत धावतात असं दिसतंय!"

मॅडमही हरखल्या. "वा! संक्रांतीनंतर सावद्याला शेतकरी मेळावा आहे. तिथेच मांड."

मग तिने आबांना फोन केला. आबा म्हणाले, "झालं तं मंग! मी बी चौथ्या दिवशीच पाणी देतो. पुढल्या हप्त्यापासून दोन हजार झाडांले एकदमच लावू."

आणि मी तिथे उभी. मला सगळं ठाऊक. पाण्याने नव्हे, शेगडीने, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. खोट्या कौतिकाने अंग आखडतं म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं. दिपमाला रोज मला थोपटायची, "माझी गुणाची गं!" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आबांच्या बागेत पाणी तुटेल, भर थंडीत मुळं सुकतील, आणि ते कुणाच्या नावावर? माझ्या.

मेळाव्याला दोन दिवस उरले होते. दिपमाला आत भाषणाची तयारी करत होती. भूमिका अंगणात उन्हात रांगत होती, ताईबाई जवळच हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. दिपमाला पाणी प्यायला उठली आणि सहज बाहेर डोकावली.

भूमिकाचं तोंड काळंभोर. दोन्ही मुठी काळ्या. आणि चेहऱ्यावर परम समाधान.

"आई! हिने काय खाल्लं? काय खाल्लं हिने?" दिपमालाने लेकीच्या तोंडात बोट घातलं, दुसऱ्या हाताने मोबाईल शोधायला लागली.

"राख शे वं ती. काही व्हत नही. आमनं बठ्ठं बालपन राख खाईसन गये."

"राख? आई, आपल्याकडे गॅस आहे. पाणी गीझरवर तापतं. राख आली कुठून?"

ताईबाईंनी भाजीची एक काडी फार बारकाईने निवडली. मग दुसरी.

दिपमालाने लेकीच्या गुडघ्यांचे काळे ठसे बघितले. ते रांगत माझ्यापासून निघाले होते. ती वाकली, माझ्या बुडाखाली हात घातला. त्या दिवशी ताईबाईंचं घमेलं उचलताना थोडं सांडलं होतं. प्लायला काजळी. हात काळा झाला.

"आई, इथे कोण निखारे ठेवतं?"

"मी ठेवस," ताईबाई शांतपणे म्हणाल्या. "पंधरा दिन व्हयनात. बिचारीले थंडी वाजे. तू पानी बी देस नही तिले."

दिपमाला ओट्यावर बसली. हसू की रडू तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. "आई, ती मुळं पाण्यामुळे नाही वाढली मग. तुमच्या शेगडीमुळे वाढली."

"मंग चांगलंच व्हयनं ना!" ताईबाईंचा चेहरा उजळला. "मी तुले सांगतच व्हतू, शेक लागस!"

"चांगलं नाही, आई. मी सगळ्यांना सांगून बसलेय पाण्यामुळे म्हणून. सगळा प्रयोग वाया गेला."

"कोनले समजी? मुया तं वाढन्यात ना? तू काही बोलू नको, मी काही बोलत नही."

दिपमालाने भूमिकाला मांडीवर घेतलं. ती तिच्या काळ्या मुठी पुसत राहिली. मला दिसत होतं, तिच्या मनात काय चाललंय. एक हिवाळा. तिने स्वतःच घातलेली मुदत. काही बोललं नाही तर मुदत पाळली जाते. आणि तिच्याशिवाय जगात ही गोष्ट ठाऊक असणारे तिघेच: एक सासू, एक राख खाल्लेली पोर आणि एक मुकी पेटी.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, आबा उद्यापासून दोन हजार झाडांचं पाणी तोडणार आहेत. त्यांच्या बागेत शेगडी ठेवायला कोण जाणार?"

ताईबाईंच्या हातातली भाजी खाली राहिली. "हाई तं वाईट," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "फोन लाव, फोन लाव तेस्ले! काय देखस मनाकडे?"

पहिला फोन आबांना गेला. "आबा, पाणी तोडू नका! माझं चुकलं."

"अवं, मी आता वॉल्वजवळच उभा व्हतो! काय चुकलं?"

तिने सांगितलं. पलीकडून आबांचं हसू आलं, खोकल्यासकट. "म्हंजे विहीणबाईंनी पेटीचं बाळंतपण केलं का काय!"

दुसरा फोन मॅडमना. तो करताना ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने फोन कानाशी घट्ट धरला. दिपमाला डोळे मिटून उभी. आणि मग मॅडमनी विचारलं, "निखारे किती ठेवायच्या त्या?"

"काय मॅडम?"

"किती निखारे, किती वाजता, किती वेळ? विचार त्यांना. पाण्याचा निष्कर्ष गेला, तो खोडायचाच. या हिवाळ्याच्या नोंदी धरता येणार नाहीत, तुझं एक वर्ष लांबेल. पण खालून ऊब दिल्यावर मुळं पुन्हा चालायला लागली असतील, तर ते नीट तपासायला हवं. वहीत लिहून ठेव, आजच."

दिपमालाने वही उघडली आणि लिहिलं: "तिसऱ्या पेटीखाली पंधरा दिवस रोज पहाटे शेगडी. ठेवणार: सासूबाई. मला ठाऊक नव्हतं." शेवटचं वाक्य लिहून तिने खोडलं आणि पुन्हा लिहिलं. काजळी लागलेल्या बोटाचा ठसा त्या पानावर उमटला, तो तसाच आहे.

सावद्याच्या मेळाव्यात ती निष्कर्ष मांडायला उभी राहिली आणि तिने चूक मांडली. लोक खो खो हसले. पण एक गंमत सांगू? त्याआधीच्या दोन भाषणांत मागच्या रांगा पेंगत होत्या. हिच्या वेळी सगळे जागे होते. संपल्यावर शेतकऱ्यांनी तिला गराडा घातला. थंडीत बागेत शेकोट्या करून धूर धरायची रीत त्यांची जुनीच. त्याने वरचं पान वाचतं हे त्यांना माहीत होतं. खाली मातीत काय होतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर दिपमाला जेवताना म्हणाली, "मी एक हिवाळा मागितला होता. तो संपला."

भूषण काही बोलायच्या आत ताईबाई म्हणाल्या, "तो हिवाया तुना नव्हता. तो मी खादा. तुना पुढे शे."

त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. भूषणने सुनेच्या... चुकले, बायकोच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी अंगणातून खिडकीतून बघत होते, तेवढं चुकायचंच.

आता पुढचा हिवाळा चालू आहे. माझ्यातलं जुनं रोप सावद्याला आबांच्या बांधावर गेलं, त्याला आता घड लागलाय म्हणतात. झुलाल मिस्त्रींनी माझ्या तीन धाकट्या बहिणी बनवल्या. आम्ही सहा जणी. पाणी सगळ्यांना सारखं. तिघींखाली शेगडी, तिघींखाली नाही, आणि प्रत्येकीच्या मातीत तापमापक. भूमिका चालते, पळते, आणि तिच्या वजनाची रेघ तिच्या आईची नजर जराशी हटल्यापासून आपली आपण वर चाललीय.

शेगडीची जबाबदारी ताईबाईंवर. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. मॅडमनी त्यांना स्वतंत्र वही दिली आणि बजावलं, "प्रत्येक पेटीखाली मोजून सात निखारे. कमी नाही, जास्त नाही. आणि जे कराल ते लिहायचं."

परवा सकाळी दिपमालाने ती वही तपासायला घेतली. जाड, गोल अक्षरात ओळी होत्या. "पेटी १. निखारे सात." "पेटी २. निखारे सात." आणि खाली:

"पेटी ३. निखारे आठ. आठवा मी जास्तीचा टाकेल शे. तिनी काळजी वाटनी."

दिपमालाने लाल पेन उचललं. मग तसंच खाली ठेवलं. ती किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत हसत होती.

वाचकहो, मला उपदेश करता येत नाही. एवढीच विनंती आहे. तुम्हीही कुणावर तरी माया करत असाल, रोपावर, लेकरावर, सुनेवर. करा. सात सांगितले तर आठ निखारे टाका हवं तर. पण आठ टाकले असं लिहून ठेवा. पुढचा हिशोब ज्याच्या हाती जाईल, त्याला त्याची फार मदत होते.

आता मला रजा द्या. दिपमाला मार्कर घेऊन येतेय, आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात आज पहाटेपासून काहीतरी हलतंय.